फोनचा माईक लिनक्सला जोडताना या चुका टाळा

लॅपटॉपचा माईक खरखरत असेल, तर हाताशी असलेला अँड्रॉइड फोन त्याची जागा उत्तम घेऊ शकतो. एससीआरसीपीवाय (scrcpy) हा मुक्त प्रोग्राम २०२३ मधील २.१ आवृत्तीपासून फोनच्या माईकचा आवाज यूएसबी केबलवरून संगणकात आणतो; त्यासाठी फोनवर किमान अँड्रॉइड ११ हवे आणि यूएसबी डीबगिंग, म्हणजे संगणकाला केबलवरून फोन हाताळू देणारी सेटिंग, चालू हवे. एवढे करूनही मीटिंगमध्ये आपला आवाज पोहोचत नाही, तेव्हा दोष बहुधा फोनचा नसतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फोनमध्ये बोललेले संगणकाच्या स्पीकरवर ऐकू आले की माईक तयार झाला, असे मानणे. प्रोग्राम तो आवाज केवळ वाजवत असतो, आणि मीटिंगच्या ॲपला मात्र इनपुट लागते. हा दुवा जोडण्यासाठी पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या लिनक्समधील आवाज हाताळणाऱ्या प्रणालीमध्ये ‘नल सिंक’, म्हणजे कोणत्याही स्पीकरला न जोडलेले आभासी आउटपुट, तयार करावे, फोनचा आवाज त्यात वळवावा आणि मीटिंगमध्ये त्या सिंकचा ‘मॉनिटर’, म्हणजे त्यात जाणारा आवाज इनपुट म्हणून देणारा स्रोत, माईक म्हणून निवडावा. क्रोमसारखे ब्राउझर मॉनिटर यादीत दाखवतच नाहीत; अशा वेळी ‘रीमॅप सोर्स’ मॉड्यूलने त्याच मॉनिटरला साध्या माईकचे रूप द्यावे लागते.

इथेच दुसरी चूक घडते. घाईत नल सिंकलाच संगणकाचे मुख्य आउटपुट केले जाते. मग मीटिंगमधील इतरांचे बोलणेही त्यातच जाऊन त्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. मुख्य आउटपुट हेडफोनच ठेवावे आणि पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलच्या ‘प्लेबॅक’ भागात जाऊन फक्त फोनचा प्रवाह नल सिंककडे वळवावा. हेडफोनचा आग्रह यासाठी की उघड्या स्पीकरचा आवाज फोनचा माईक पुन्हा टिपतो.

वाय-फायवरून चालणारे ॲप वापरत असाल, तर फोन आणि संगणक एकाच नेटवर्कवर असल्याची खात्री करावी. गेस्ट वाय-फाय अनेकदा जोडलेल्या उपकरणांना परस्परांशी बोलू देत नाही. ब्लूटूथच्या कॉल प्रोफाइलवर आवाजाचे नमुने बहुधा सेकंदाला ८ किंवा १६ हजार वेळाच (८ किंवा १६ किलोहर्ट्झ) घेतले जातात आणि त्याचा दर्जा घटतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी केबलच बरी.

टर्मिनलमधून तयार केलेले नल सिंक संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीसे होते, म्हणून ते तयार करणारी आज्ञा लॉगिनच्या वेळी आपोआप चालेल अशी व्यवस्था करून ठेवावी.