चौकोनी टोकाचा वस्तरा वापरताय? मग नजर कोपऱ्यावर ठेवा

गोल टोकाच्या वस्तऱ्याचं टोक चुकून गालाला लागलं तरी सहसा घसरून जातं, चौकोनी टोकाचं तसं नाही. इथे धार पार शेवटपर्यंत जाते आणि एकदम काटकोनात संपते, त्यामुळे तो कोपरा सुईसारखा टोचतो. गंमत अशी की आपण बघत असतो केस निघतायत तिथे, म्हणजे पात्याच्या मध्यावर, आणि कोपरा तोवर पुढे कानाच्या पाळीला नाहीतर नाकपुडीला टेकलेला असतो. म्हणून माझं सगळ्यात आधी सांगणं हेच की वस्तरा हलवण्याआधी कोपरा कुठे आहे ते बघा आणि मगच हात चालवा, दर वेळी.

मग असला वस्तरा घ्यायचाच कशाला? कारण कल्ल्याची खालची रेघ, मिशीची कड, नाकाखालचा चिंचोळा भाग, ओठाचा कोपरा, अशा ठिकाणी धार नेमकी कुठे संपते ते दिसतं आणि रेघ एकदम स्वच्छ येते. पण चौकोनी टोकाचं काम तेवढंच. गाल आणि गळा पात्याच्या मधल्या भागाने करायचा, तिथे टोकाचं काहीच काम नाही.

नवीन असाल तर कोपरा आधी थोडा बोथट करून घ्या, यात काही कमीपणा नाही, जुने जाणते लोकही करतात. धार लावायचा बारीक दगड ओला करायचा, वस्तऱ्याची मूठ उचलून फक्त कोपरा दगडाला अलगद टेकवायचा आणि धार मागे राहील अशा दिशेने हलकेच ओढायचा, दोन-तीनदा बास. वजन अजिबात टाकायचं नाही. मग टिश्यू पेपरवरून कोपरा हळूच फिरवून बघा, अडकला तर अजून एकदा ओढा. केसभर कोपरा जातो, टोक दिसायला चौकोनीच राहतं आणि बाकीच्या धारेला काही होत नाही.

दाढीची तयारी नेहमीचीच, कोमट पाण्याने चेहरा चांगला भिजवा, ब्रशने ओलसर दाट फेस करा, फेस सुकायला लागला की परत लावा, कोरड्या त्वचेवर वस्तरा फिरवायचाच नाही. वस्तरा त्याआधी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून घ्या, पाठ पुढे आणि धार मागे अशी, आणि वळवताना पातं पाठीवरून पलटवा, धारेवरून पलटवलं तर पट्टाही कापला जाईल आणि धारही जाईल.

पकड अशी की अंगठा पात्याच्या बुडाशी खालून, तीन बोटं वरून, करंगळी पात्याच्या बुडामागे निघालेल्या छोट्या शेपटीवर. पातं त्वचेशी साधारण ३० अंशात ठेवा. फार आडवं ठेवलं तर केस ओढले जातात, फार उभं केलं की त्वचा खरवडते. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच ओढा, जोर न लावता, आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरा, बोटं घसरत असतील तर त्यांना तुरटी चोळा, पकड लगेच येते. एक गोष्ट मात्र कधीच करू नका, धारेच्या लांबीच्या दिशेने वस्तरा सरकवणं. सुरीने भाजी कापतो तशी ती हालचाल होते आणि चौकोनी टोकाला तर पहिला कोपराच आत शिरतो.

उजव्या हाताने उजवा गाल करताना टोक नाक-तोंडाकडे असतं, आणि तोच हात डाव्या गालावर आणला की टोक कानाकडे वळतं, वर आपलाच हात आरशासमोर आडवा येतो. त्यामुळे डाव्या बाजूला कानाजवळ पाळी बोटाने मागे दुमडून धरा आणि कोपरा अर्धा सेंटिमीटर तरी लांब ठेवा. जमत असेल तर हात बदलायला शिका, सुरुवातीला फक्त गालापुरता.

हनुवटी सगळ्यात अवघड. तिथे गोलाई असल्याने पात्याचा थोडासाच भाग टेकतो, कोपरा हवेत असतो आणि हात जरा वळला की तोच रुततो. पात्याचा मध्य किंवा मागचा भाग वापरा, ओढी अजून लहान करा. नाकाखाली वरचा ओठ दातांवर ताणून घ्या, नाकाचा शेंडा बोटाने वर उचला, आणि वरून खाली छोट्या छोट्या ओढी. घाटीवरून, म्हणजे गळ्यावरच्या उंचवट्यावरून, थेट जायचं नाही, तिथली त्वचा बाजूला ओढून सपाट भागावर आणा.

पहिला हात, म्हणजे वस्तऱ्याची पहिली फेरी, केसांच्या दिशेने, दुसरा आडवा. उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, मात्र बरेच दिवस नको, चौकोनी टोकाने तर नकोच, केस थोडे राहिले तर राहू देत.

वस्तरा हातातून सुटला तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. लहान काप गेला तर थंड पाणी, दाब आणि तुरटी पुरते, खोल असेल आणि रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून डॉक्टरकडे जा. आपला वस्तरा दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचा घेऊ नका, रक्तातून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात.

झाल्यावर पातं धुवा आणि पाठीकडून धारेकडे पुसा, कोपऱ्याशी कापड अडकवू नका. बिजागरीपाशी पाणी राहतं, तिथे टिश्यूचा कोपरा घालून टिपा, उघडा ठेवून नीट वाळवा, मग पात्याला तेलाचं पातळ बोट लावून मिटवा. मिटवताना कोपरा मुठीच्या पट्ट्यांना घासत नाही ना ते बघा, घासला तर कोपऱ्याची धार तिथेच मोडते.