मदत जाहीर झाली, पोचली कधी? नकाशावरचा युद्धाभ्यास कसा घ्यावा

लहान देशावर मोठी फौज चालून आली की बातम्यांत दोनच गोष्टी दिसत राहतात: नकाशावर सरकणारी आघाडीची रेघ आणि मित्रदेशांनी जाहीर केलेल्या मदतीचे आकडे. जाहीर झालेली वस्तू खंदकातल्या शिपायाच्या हाती पडेपर्यंत मधे काय काय घडते, ते वाचून नीट उमजत नाही. हातांनी करून पाहिले की उमजते. त्यासाठी हा युद्धाभ्यास. ठाणे-नवी मुंबईतल्या वाचनालयाच्या, कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या अभ्यासगटाला एका रविवारी घेता येईल असा तो बेतला आहे. ११ ते १३ माणसे आणि साडेचार तासांसाठी हॉल एवढे लागते.

सामान

२२ × २८ इंची कार्डशीट चार घ्या आणि मागून चिकटपट्टी लावून जोडा. पुढून लावलीत तर सोंगट्या सरकवताना कडा उचलली जाते. त्यावर ५ सेंमीचे चौकोन आखा. आडवे २८, उभे २२ भरतील. एक चौकोन म्हणजे २५ किमी, म्हणजे सगळा नकाशा ७०० × ५५० किमीचा झाला. एखाद्या मध्यम आकाराच्या देशाला तो पुरतो.

फौजेसाठी कॅरमचे दोन सेट आणा. रक्षणकर्त्याच्या ९ पांढऱ्या, आक्रमकाच्या १८ काळ्या. सोंगटी तीन ते सव्वातीन सेंमीची असते, त्यामुळे ५ सेंमीच्या चौकोनात ती बसते आणि खाली लिहिलेले गावाचे नावही वाचता येते.

दारूगोळा म्हणून चिंचोके वापरा. जांभळी नाक्यावर किराण्याच्या घाऊक दुकानांत विचारा. पाव किलोत साधारण तीनशे येतात, तेवढे पुरतात. त्यांतल्या शंभरांना लाल नेलपॉलिश लावून ठेवा. हे काम आदल्या रात्री उरका. ओले चिंचोके एकमेकांना चिकटतात, आणि मग ऐन खेळात मोजणी चुकते.

नकाशावर पूर्वेला आक्रमकाची हद्द, पश्चिमेला शेजारी मित्रदेश, दक्षिणेला समुद्र आणि एक बंदर काढा. उत्तर-दक्षिण वाहणारी एक मोठी नदी, तिच्यावर फक्त तीन पूल. सहा शहरे. राजधानी आक्रमकाच्या हद्दीपासून पाच चौकोनांवर. शेजाऱ्याच्या हद्दीतून आत येणारे रस्ते दोनच ठेवा. कुणी तिसरा मागेल, देऊ नका. सगळा खेळ त्या दोन रस्त्यांवर उभा आहे.

कुणाला कोणते काम

रक्षणकर्त्याच्या बाजूला चौघे: सेनापती, रसदप्रमुख, परराष्ट्रमंत्री आणि राष्ट्राध्यक्ष. आक्रमकाकडे तिघे. मित्रदेश तीन, प्रत्येकी एक माणूस: समुद्रापलीकडचा श्रीमंत देश, पश्चिमेचा शेजारी, आणि सामुद्रधुनी ताब्यात असलेला देश. एक पंच. माणसे जास्त असतील तर दुसरा पंच करा, सेनापतींची संख्या वाढवू नका.

रसदप्रमुख निवडताना घाई नको. गटात कुणी उरण-द्रोणागिरीकडे कंटेनरच्या क्लिअरिंगमध्ये काम करणारे असेल, तर हे काम त्यांनाच द्या. माल बंदरात उतरला म्हणजे गिऱ्हाईकाच्या दारात पोचला असे नसते, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. इतिहासाची आवड असणारे सगळे सेनापती व्हायला धावतात, आणि रसद उरलेल्या माणसाच्या गळ्यात पडते. बहुतेक सत्रे तिथेच फसतात.

फेरी कशी चालते

एक फेरी म्हणजे एक महिना, एकूण १२ फेऱ्या, प्रत्येकीला १५ मिनिटे. क्रम हाच ठेवा: आधी वाटेतली मदत पुढे सरकते (कशी, ते खाली ‘वाटेचा तक्ता’ मध्ये), मग मित्रदेश नवी मंजुरी देतात, मग हालचाल, मग हल्ले, शेवटी कारखान्यांचे चिंचोके जमा होतात.

हालचाल रस्त्याने दोन चौकोन, आडरानातून एक. पहिल्या फेरीत फक्त आक्रमकाला रस्त्याने चार. तिसऱ्या आणि दहाव्या फेरीत चिखल: रस्ता सोडून कुणी हलायचे नाही.

हल्ला करणाऱ्या प्रत्येक सोंगटीला ३ चिंचोके लागतात, जागा धरून लढणाऱ्या सोंगटीला २. आक्रमक आपल्या सोंगट्यांची संख्या आणि एक फासा यांची बेरीज करतो. रक्षणकर्ताही तेच करतो, आणि मागच्या फेरीत सोंगटी हलली नसेल तर खंदकाचे २ मिळवतो. मधे नदी असेल तर आणखी १. हरणारा एक चौकोन मागे जातो. फरक ४ किंवा जास्त असेल तर एक सोंगटी गमावतो. बरोबरी झाली तर दोघे जागच्या जागी. खंदकातल्या एका सोंगटीला रेटायला तीन लागतात, हे जुने सैनिकी गणित यात आपोआप उतरते.

आता साठा. रक्षणकर्त्याकडे सुरुवातीला ३० चिंचोके आणि दर फेरीला ४ नवे. आक्रमकाकडे ९०, दर फेरीला १५. हे आकडे बदलू नका. सात सोंगट्या आघाडीवर लढल्या की फेरीला १४ उडतात आणि ४ येतात, म्हणजे १० ची तूट. तिसऱ्या फेरीअखेर रक्षणकर्त्याचा डबा रिकामा होतो. दहा सोंगट्यांनी सतत हल्ले करणारा आक्रमकही सहा फेऱ्यांत उताणा पडतो, पण तोवर टिकायचे कसे हाच रक्षणकर्त्यापुढचा प्रश्न आहे. बाराव्या फेरीअखेर राजधानी किंवा सहापैकी चार शहरे हाती असतील तर आक्रमक जिंकला.

वाटेचा तक्ता

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून मुख्य नकाशापासून दूर, वेगळ्या कागदावर मांडा. ओळीने घरे काढा: मागणी, मंजुरी, गोदाम, वाहतूक, हद्द, प्रशिक्षण, आघाडी. प्रत्येक शस्त्राची एक चिठ्ठी. मंजुरीनंतर ती किती फेऱ्यांनी आघाडीवर येते ते चिठ्ठीवरच लिहा आणि घरांत त्या हिशेबाने सरकवा.

खांद्यावरून डागायची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे १ फेरी, लांब पल्ल्याची रॉकेटे १, १५५ मिमी तोफा २, रणगाडे २, हवाई संरक्षण ४, लढाऊ विमाने १२. हे आकडे युक्रेनच्या अनुभवावरून घेतले आहेत. हायमार्स रॉकेटे २०२२ च्या जूनच्या सुरुवातीला जाहीर झाली आणि त्याच महिन्यात पोचली. लेपर्ड रणगाड्यांचा निर्णय २५ जानेवारी २०२३ चा, जर्मनीचे रणगाडे मार्चअखेर आले. हवाई संरक्षणाची पॅट्रियट यंत्रणा डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली, एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. एफ-१६ देण्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये ठरले आणि पहिली विमाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिसली.

म्हणजे आपल्या १२ फेऱ्यांच्या खेळात विमाने लढायला येतच नाहीत. हे मुद्दाम ठेवले आहे. परराष्ट्रमंत्र्याला फेरीला एकाच वस्तूची मागणी करता येते आणि पहिल्या फेरीत तो हमखास विमाने मागतो. त्याला अडवू नका. चौथ्या फेरीत चिंचोके संपलेले असताना त्या चिठ्ठीकडे पाहून सेनापती जे बोलतो, ते ऐकण्यासारखे असते.

शस्त्रांचा परिणाम सोपा ठेवा. क्षेपणास्त्राने बचावाला १, तोफेने २, रणगाड्याने हल्ल्याला २. हवाई संरक्षण एका शहराला मिळते. ज्या शहराला नाही, तिथला कारखाना आक्रमक एक फासा टाकून ५ किंवा ६ आल्यास फेरीपुरता बंद पाडू शकतो. रॉकेट तीन चौकोनांपर्यंतचा एक पूल किंवा साठा निकामी करते, आणि त्या फेरीत त्यामागच्या काळ्या सोंगट्यांना चिंचोके मिळत नाहीत. युक्रेनमधल्या, रशियाने घेतलेल्या खेरसोन शहराजवळचा अंतोनिव्स्की पूल २०२२ च्या जुलैपासून असाच पुन्हा पुन्हा फोडला गेला आणि ११ नोव्हेंबरला शहर परत मिळाले. पूल फोडणे आणि शहर मिळणे यांत चार महिने गेले, हे खेळाडूंच्या कानावर घाला. नाहीतर एका रॉकेटवर शहर मागतात.

लाल चिंचोके इथे लागतात. सोव्हिएत काळातल्या तोफांचा गोळा १५२ मिमीचा, पाश्चात्त्य तोफांचा १५५ मिमीचा. तीन मिलिमीटरचा फरक, पण एकाचा गोळा दुसरीत चालत नाही. मित्रदेश फक्त लाल चिंचोके देतात आणि ते १५५ ची तोफ मिळालेल्या सोंगटीलाच वापरता येतात. कारखान्याचे साधे चिंचोके कुठल्याही सोंगटीला चालतात, पण तोफेचे २ गुण लाल चिंचोक्यांवरच मिळतात. तोफा आधी मागवून गोळे विसरणे किंवा गोळे मागवून तोफा विसरणे, दोन्ही घडते. लाल चिंचोक्यांनी भरलेला डबा शेजारी ठेवून रिकाम्या हाताने माघार घ्यावी लागते.

हद्दीच्या घरातून एका रस्त्याने फेरीला ६ चिंचोके आणि एक शस्त्र एवढेच पुढे जाते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात एक ट्रेलर बंद पडला की मागे काय होते, हे ठाणेकरांना ठाऊक आहे. मागे गाड्या वाढवून वाट मोकळी होत नाही. युक्रेन-पोलंड हद्दीवर आणखी एक अडचण आहे. युक्रेनचे मुख्य रूळ १५२० मिमी रुंदीचे, पोलंडचे १४३५ चे. माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागतो किंवा चाके बदलावी लागतात.

मित्रदेशांची पाकिटे

तिन्ही मित्रदेशांना बंद पाकिटात आपापल्या अटी द्या. त्या त्यांनी कुणालाही दाखवायच्या नाहीत. समुद्रापलीकडच्या देशाच्या पाकिटात: ‘सातव्या ते नवव्या फेरीत संसदेत वाद, नवी मंजुरी बंद.’ ऑक्टोबर २०२३ पासून एप्रिल २०२४ पर्यंत अमेरिकेत हेच झाले. युक्रेनसाठीची सुमारे ६१ अब्ज डॉलरची तरतूद अडून राहिली, आणि गोळ्यांच्या टंचाईत फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या हातचे अवदिव्का शहर गेले. शेजाऱ्याच्या पाकिटात: ‘आक्रमकाने धमकी दिली तर एक रस्ता दोन फेऱ्या बंद.’ १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत हल्ल्याशी लढणाऱ्या फिनलंडला ब्रिटन-फ्रान्सची फौज मिळू शकली नाही, कारण नॉर्वे आणि स्वीडनने आपल्या भूमीतून वाट दिली नाही. सामुद्रधुनीच्या मालकाच्या पाकिटात: ‘दोन्ही बाजूंच्या युद्धनौकांना बंदी, व्यापारी जहाजांना वाट.’ सामुद्रधुनींच्या वापराबाबतच्या १९३६ च्या माँत्रो करारानुसार तुर्कस्तानने २०२२ मध्ये घेतलेली भूमिका याच धर्तीची होती.

जड शस्त्रांना एक जादा नियम लावा: एका मित्राने हो म्हटल्याशिवाय दुसरा देत नाही. पंचाने हा नियम सांगायचा नाही. परराष्ट्रमंत्र्याने तो स्वतः ओळखायचा आणि दोघांना एका वेळी बोलवायचे. जर्मनी आणि अमेरिका यांनी रणगाड्यांची घोषणा एकाच दिवशी केली होती.

रक्षणकर्त्याने लढावे कसे

पहिल्या तीन फेऱ्यांत शहरे धरून ठेवण्याचा मोह टाळा. राजधानी सोडून बाकी जमीन वेळेच्या बदल्यात देता येते. आक्रमकाची सोंगटी आपल्या हद्दीपासून (त्याची रेल्वे तिथवरच येते असे धरा) चार चौकोनांपेक्षा लांब गेली की तिला निम्मेच चिंचोके मिळतात. तिच्या मागच्या रस्त्यावर एक पांढरी सोंगटी बसली तर शून्य. जानेवारी १९४० मध्ये फिनलंडमधल्या राते रस्त्यावर फिनिश तुकड्यांनी सोव्हिएत ४४ वी डिव्हिजन अशीच मोडली. रणगाडे आणि ट्रक एकाच अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंना बर्फ आणि जंगल. स्कीवरच्या माणसांनी रांग तुकड्या-तुकड्यांत कापली. तिथे परदेशी मदतीचा वाटा थोडाच होता. आणि तरीही १०५ दिवसांनंतर फिनलंडला भूभाग देऊन तह करावा लागला, कारण माणसे आणि गोळे दोन्ही संपत आले होते. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. फक्त पहिली सांगितली तर धोका होतो.

माणसे कुठलाही मित्र पाठवत नाही. म्हणून गमावलेल्या पांढऱ्या सोंगट्या संपूर्ण खेळात तीनच परत येतात, त्याही चार फेऱ्यांनी, आणि त्यासाठी राष्ट्राध्यक्षाने सक्तीच्या भरतीचा निर्णय जाहीर करावा लागतो. युक्रेनने भरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणले ते एप्रिल २०२४ मध्ये, युद्धाला दोन वर्षे होऊन गेल्यावर. हा निर्णय खेळातही लांबतो. राष्ट्राध्यक्ष झालेली व्यक्ती सहाव्या फेरीपर्यंत तो टाळते, आणि सोंगट्या यायच्या तेव्हा दहावी फेरी उजाडते.

हमखास होणाऱ्या चुका

मंजूर झालेली चिठ्ठी कुणीतरी उत्साहाने थेट नकाशावर ठेवतो. पंचाने लगेच उचलून तक्त्यावर ठेवावी, एकदाही सवलत देऊ नये. दुसरी चूक म्हणजे आक्रमकाला मूर्ख समजून खेळणे. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनची राजधानी कीवच्या वाटेवर रशियन वाहनांची सुमारे ६४ किमीची रांग अडकली. पण तीच फौज पुढे खंदक आणि सुरुंगांची पट्टी बांधायला शिकली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यातला हल्ला तिथे थोपला. म्हणून सहाव्या फेरीनंतर आक्रमकालाही खंदकाचे २ द्या.

तिसरी, सगळे एकाच टेबलाभोवती बसतात. मित्रदेशांना बाहेर पॅसेजमध्ये बसवा. निरोप चिठ्ठीनेच जाऊ द्या. आरडाओरडा कमी होतो, आणि तीन मिनिटे उशिरा आलेल्या चिठ्ठीने काय बिघडते तेही दिसते.

ठाण्यातल्या गटाने मध्यंतरात घरचे उदाहरण घ्यावे. आज मध्यवर्ती कारागृह असलेला ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. साष्टी हातची गेल्यावर वसईच्या पोर्तुगीजांची भिस्त समुद्रमार्गे येणाऱ्या मदतीवर राहिली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. वसईचा नकाशा भिंतीवर लावा आणि रसदप्रमुखाला विचारा: हद्दीचे घर कुठे होते?

बारावी फेरी झाली की सोंगट्या लगेच गोळा करू नका. आधी वाटेच्या तक्त्यावर अडकून राहिलेल्या चिठ्ठ्या आणि लाल चिंचोके घरागणिक मोजा आणि आकडा त्या घरात पेन्सिलने लिहा. मग नकाशावर पडलेल्या प्रत्येक शहराशेजारी ते कोणत्या फेरीत पडले ते लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि चर्चेला पहिले बोलायला रसदप्रमुखाला उभे करा, सेनापतीला त्यानंतर.