डोंबिवलीहून खारघरला घर हलवताना

डोंबिवली पूर्वेची आमची जुनी इमारत सोडून आम्ही खारघरला आलो. तुम्हीही निघणार असाल तर आधी कागद बघा. नवी मुंबईची बरीचशी जमीन हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, सिडकोने, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे रीसेलचा फ्लॅट घेताना सोसायटीच्या ना हरकत पत्राबरोबर सिडकोकडे फ्लॅट तुमच्या नावावर करून घेण्याची, म्हणजे हस्तांतरणाचीही चौकशी करा आणि तो खर्च कोण भरणार, हे साठेखताआधीच, म्हणजे खरेदीचा करार करण्याआधीच, लिहून घ्या.

मग ऐन कामाच्या दिवशी सकाळी प्रवास करून पाहा. रविवारी पाहिलेलं अंतर धरू नका! डोंबिवलीत आम्ही चालत स्टेशन गाठायचो. इथे आतल्या सेक्टरमधून रिक्षा लागते, नाहीतर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो.

सामान बांधण्याआधी लिफ्टचं दार टेपने मोजा. सासूबाईंचं सागवानी कपाट चार बोटांनी अडलं. मजूर म्हणाले, कापूया. आईंनी कपाटावर हात ठेवला आणि हलल्याच नाहीत. शेवटी सुताराला बोलावून ते सांध्यांतून सोडवलं, वर नेऊन पुन्हा जोडलं.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांचं गणित वेगळं मांडा. रुंद रस्ते आणि सेंट्रल पार्क छानच आहे, पण आईंना गॅलरीतून हाक मारायला कुणी नव्हतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना घेऊन मजल्यावरची प्रत्येक बेल वाजवा, सोबत डब्यात काहीतरी गरम न्या. आम्ही साबुदाणा वडे नेले होते.