गावातला मुक्तिसंग्राम भिंतीवर कसा मांडावा

17 सप्टेंबरला झेंडा, भाषण आणि पेढा झाला की शाळेतला मराठवाडा मुक्तिसंग्राम, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातून सुटण्याचा लढा, संपतो, हे मला सहन होत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर इतिहास शिकवते आणि सातवी-आठवीच्या पोरांकडून गावाची कालपट्टी करून घेते: भिंतीवर तारखांची पट्टी आणि तिच्यावर गावातल्या आठवणींची कार्डं. ती कशी करायची ते सांगते.

कामाला जूनमध्येच लागा. 1948 साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीकडे झुकलंय. भिंतीचं नंतर बघू, आधी माणसं गाठा.

पट्टीवर सगळ्या संस्थानाच्या तारखा मोजक्याच लिहा. 1938, उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या अनेकांना जवळ केलं. जून 1947, निजामाचं स्वतंत्र राहण्याचं फर्मान. 7 ऑगस्ट 1947, स्वामी रामानंद तीर्थांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतात सामील व्हा म्हणून पाळलेला दिवस. 29 नोव्हेंबरचा निजाम आणि भारत सरकारमधला जैसे थे करार. 13 सप्टेंबर 1948, सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गवर आल्या आणि 17 ला निजामानं शरणागती पत्करली. आम्ही बिलोलीकर त्यात 1946 मध्ये अर्जापूरजवळ झालेली गोविंदराव पानसरेंची हत्या घालतो. तुमच्या तालुक्याचा हुतात्मा तुम्ही घाला. याहून जास्त लिहिलंत तर गावाला जागा उरणार नाही.

खरं काम विचारण्यात आहे. ‘कोणत्या साली?’ असं पोरांना विचारू देऊ नका. आजी गप्प होते. पीक कोणतं होतं, सण कोणता होता, असं विचारा. आमच्या एका आजीनं सांगितलं, ‘मूग तोडून वट्ट्यावर वाळू घातलं होतं, तसंच टाकून पळालो. गणपती उठायचे होते.’ पोरांनी 1948 ची भाद्रपद चतुर्थी शोधली: 7 सप्टेंबर. मग अनंत चतुर्दशी 17 च्या आसपास. आजीचं कार्ड आपसूक जागेवर गेलं.

पुढचे प्रश्नही असेच हातात धरता येतील असे हवेत. पळून कुठं गेलात, उमरखेडला की पुसदला? भाकरी कुणी दिली? जनावरांचं काय केलं? गावाजवळ करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता का, तो कुणी जाळला? सत्याग्रहात शिंदीची झाडं कुणी तोडली? बायकांना वेगळं बसवून विचारा. पुरुष बंदुका सांगतात, बायका कुणी कुणाला लपवलं ते सांगतात.

पेटीतून जुना कागद निघाला तर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल, बघा. त्यात 590 मिळवा. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून जानेवारीपासूनच्या कागदाला 591. म्हणजे 1357 फसली हे 1947-48. उर्दू मजकूर मौलवीसाहेब आनंदानं वाचून देतात. मोबाइलवर फोटो घ्या आणि मूळ कागद तिथल्या तिथं परत करा. लॅमिनेशन तर अजिबात नको.

मुसलमान घरं वगळू नका, हे मी हात जोडून सांगते. विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणाऱ्या ‘इमरोज’च्या संपादकाला, शोएबुल्ला खान यांना, रझाकारांनीच, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनीच, ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत मारलं. आणि सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजांच्या कारवाईनंतर, ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमानांवरही सूड उगवला गेला. भारत सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीला आली, तेव्हा सर्वांत जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपलं नांदेडही होतं. म्हणून पट्टी 17 सप्टेंबरला तोडू नका, दोन वीत पुढं न्या. आठवीच्या पोरांना हे झेपतं. शांत आवाजात सांगावं लागतं, एवढंच.

प्रत्येक कार्डावर सांगणाऱ्याचं नाव, वय आणि विचारणाऱ्या पोराचं नाव हवं. नाव लावायची परवानगी आधी घ्या, नको म्हणाले तर नुसतं ‘गावातील आजी’. सूडाच्या आठवणी असतील तर कुणाचंही नाव भिंतीवर जाऊ देऊ नका.

पट्टीखाली कोरा कागद चिकटवा आणि दोरीनं पेन बांधून ठेवा. बघायला आलेले पालक ‘आमच्याही घरी असं झालं होतं’ म्हणतात. ते त्यांना तिथंच लिहू द्या.