आपलंच सोलापूर बघायला निघालात? या चुका टाळा

पाहुणा घरी आला, की सोलापूरकर सांगून मोकळा होतो, "इथं काय बघायचं? उद्या तुळजापूर करू, परवा अक्कलकोट." पाहुण्यांचं एक वेळ समजू शकतो. पण गाव बघायचं म्हणून मुद्दाम सुट्टी काढलेली माणसंही हेच करतात. अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर सत्तरच्या पुढं. देवदर्शनाला जरूर जा, पण ते सोलापूर बघणं नव्हे. जाण्यायेण्यात आणि रांगेत दिवस जातो, आणि ज्या गावात वाढलो तिथली एक गल्लीसुद्धा पायाखालून जात नाही. मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच चूक.

"काही नाही इथं" म्हणणाऱ्याला मी आधी चार पुतळ्यापाशी नेतो. रोज तिथून गाडी वळवणाऱ्यांनाही चारही नावं सांगता येत नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. हे शहर कुणाकुणाचं आहे, ते या नावांतूनच कळतं. ६ एप्रिल १९३० ला सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात इंग्रजांनी शहरावर मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तिथून भैय्या चौकात चला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धात जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ ला तिथंच वारले. त्यांचं स्मारक बघायला चीनहून माणसं येतात. आपल्या घरातल्या किती पोरांनी ते आतून पाहिलंय?

माझा नियम साधा आहे. त्या दिवशी गाडी शहराची हद्द ओलांडणार नाही, हे आदल्या रात्रीच घरात सांगून टाकायचं. सकाळी चर्चा सुरू झाली की कुणीतरी तुळजापूर काढतंच.

दुसरी चूक उत्साही पोरांची: एका दिवसात सगळं उरकायचं. माझ्या भाच्याला मोबाइलवर अडुसष्ट लिंगांची यादी मिळाली. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरानं, बाराव्या शतकात सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापन केली, हे इथलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. यानं ठरवलं, दोन गाड्या, तीन मित्र, एका दिवसात सगळी लिंगं, वेळ उरला तर किल्ला आणि कंबर तलाव. "मामा, नकाशावर टाकलंय सगळं, पाचला मोकळे होतो बघ." मी म्हटलं, अरे, सिद्धेश्वराच्या यात्रेत या लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, सकाळी निघतात ते रात्रीपर्यंत फिरतात, आणि त्या माणसांना वाट तोंडपाठ असते. पण पोरांना घाई होती.

नकाशानं एका बोळात नेलं, तिथून गाडी वळेना. एके ठिकाणी कुलूप होतं, तर जाळीतून फोटो काढून निघाले. दुपारनंतर एकानं पळत आत जायचं आणि बाकीच्यांनी गाडी चालू ठेवून बाहेर थांबायचं, असं सुरू झालं. एका देवळात म्हातारे पुजारी म्हणाले, "बसा की, पाणी घ्या, सांगतो इथलं." यांनी सांगितलं, "काका, अजून लई राहिलेत," आणि निघाले. संध्याकाळी भाच्याच्या फोनमध्ये ढीगभर फोटो होते आणि कुठला कुठला, ते त्याला सांगता येईना. यादी अर्धीही झाली नव्हती. मला वाईट वाटलं ते त्या पुजाऱ्यांचं. जे कुठल्याच यादीत नसतं ते सांगणारा माणूस समोर बसला होता, आणि पोरांनी त्याला वेळ दिला नाही.

पुढच्या रविवारी मी भाच्याला पायी नेलं. गाडी घरी, फोन खिशात. बाळीवेशीकडून उत्तर कसब्यात हिरेहब्बू वाडा, दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा आणि पुढं सिद्धेश्वराचं देऊळ. मकर संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज वाड्यातून निघतात ते याच वाटेनं. विजापूर वेशीत अत्तराच्या दुकानाशी थांबलो, तर दुकानदार चाचा मिरवणुकीच्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा कशी नसते, ते हातवारे करून सांगत बसले. भाच्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली ती तिथं. यात्रेत सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा होतो तो संमती कट्टा त्यानं पहिल्यांदाच रिकामा बघितला. एवढ्याशा वाटेला आम्हाला आख्खी सकाळ लागली, आणि ती लागायलाच हवी. डिसेंबरात रात्री नऊ-दहाला याच भागात फिरा. पोरं नंदीध्वजाचा सराव करताना दिसतील: कमरेला पट्टा, त्यात उंच काठी, एकानं पेलायची आणि बाकीच्यांनी आजूबाजूनं सावरत चालायचं. यात्रेच्या गर्दीत लांबून टोक दिसतं. इथं काठी पेलणाऱ्याच्या मानेची शीर दिसते.

म्हणून एका दिवसाला एकच भाग धरा. कसबा तर कसबा, विणकरांचा पूर्व भाग तर पूर्व भाग.

बाकीच्या चुका थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरू नका. पारा चाळिशी ओलांडतो, लहान पोरं आणि म्हातारी माणसं आजारी पडतात. सकाळी साडेसहाला निघा, अकराला घरी या, पुन्हा पाचनंतर बाहेर पडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा, हुरडाही मिळतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत गड्डाच बघा, त्यात दुसरं काही घुसवू नका. भुईकोट किल्ल्यात दरवाजाशी फोटो काढून परत फिरू नका. खंदक आणि दुहेरी तट नीट बघत आत जा, जुन्या देवळाचे कोरीव दगड शोधा. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं पेशव्यांकडून घेतलेला किल्ला आहे हा. शेंगाची चटणी पाकिटातली कोरडी भुकटी घेऊ नका. कुटून तेल सुटलेली, बोटाला चिकटणारी घ्या आणि कडक भाकरीवर तिथंच खाऊन बघा.

चादरीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावानं बाहेरगावचा हलका माल सर्रास विकला जातो आणि आपलीच माणसं स्वस्त म्हणून तो घेतात. दुकानात जायच्या आधी माग बघा. साखर पेठ, अशोक चौक भागात पद्मशाली समाजाच्या घराघरांत माग होते, आता यंत्रमागाचे कारखाने आहेत. बाहेरूनच "अण्णा, आत येऊन बघू का?" असं विचारा. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मागाच्या वर जेकार्ड असतं, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारं यंत्र. जुन्या जेकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथं भोक तिथला उभा धागा वर उचलला जातो, खालून आडवा धागा जातो, आणि ओळीमागून ओळ मोराचा पिसारा कापडात उमटतो. नक्षी वरून छापलेली नसते, ती विणीतच असते. म्हणून अस्सल चादर उलटून पाहा: तीच नक्षी मागच्या बाजूला उलट्या रंगांत दिसते. छापील मालाची मागची बाजू फिकी पडलेली असते. हातात घेतली की सुताचं वजनही लागलं पाहिजे.

कारखान्यात धाग्याला हात लावू नका, चालू मागाजवळ ओढणी-पदर सावरून उभ्या राहा, आणि कामगाराचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नका. तो नगावर पैसे मिळवत असतो, तुमच्यासाठी माग थांबवला तर त्याची मजुरी बुडते. प्रश्न असतील तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा.