जुनी जर्मन रीसलिंग कशी चाखावी

बूच काढायच्या आधी लेबल वाचा. समजा, हातात जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातली दहा वर्षं जुनी रीसलिंग (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) आहे आणि लेबलवर 'श्पेटलेझ' लिहिलंय. म्हणजे द्राक्षं उशिरा, चांगली पिकल्यावर खुडलेली. पण हा शब्द वाइनची गोडी सांगत नाही. खुडताना रसात साखर किती होती, तेवढंच सांगतो. बरेच जण इथेच फसतात. गोडीचा अंदाज अल्कोहोलच्या आकड्यावरून येतो. ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर बरीच साखर न आंबता उरली आहे, वाइन गोड निघणार. १२ टक्के आणि सोबत 'ट्रोकन' (जर्मनमध्ये 'कोरडी') असेल, तर कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली.

बाटली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. बर्फगार वाइनला वासच येत नाही. ग्लास तिसरा हिस्साच भरा.

रंग सोनेरी झालेला असेल, तो वयाचा. मळकट तपकिरी दिसली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला, तर वाइन उतरली. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी.

आता ग्लास न हलवता हुंगा. रॉकेल? बरोबर! द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून वर्षानुवर्षांत तयार होणाऱ्या टीडीएन नावाच्या संयुगाचा तो वास. मला तो आवडतो, पण त्याच्यामागे जर्दाळू, मध, लिंबाची साल असं काही हवं. नुसतंच रॉकेल असेल तर फळ संपलं म्हणायचं. मग ग्लास फिरवून पुन्हा हुंगा.

घोट लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. आधी गोडी लागेल. खरी परीक्षा त्यानंतरची: आंबटपणा येऊन त्या गोडीला आवरतो का? चांगल्या पन्ह्यात साखर आणि कैरी एकमेकींना सोडत नाहीत, तसं. मोझेलच्या थंड हवेत, पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर द्राक्ष सावकाश पिकतं, त्यामुळे पिकूनही आंबट राहतं. गिळल्यावर गालफडांत पाणी सुटलं आणि जीभ स्वच्छ वाटली, तर वाइन जमलेली. जीभ चिकट राहिली तर नुसतं सरबत, लेबल कितीही भारी असो. चव किती वेळ रेंगाळते, तेही मनात मोजा.

दोन ओळी लिहून ठेवा. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या, जेवणाआधी, पुन्हा चाखून कालच्या ओळींशी ताडून पाहा.