दिवाळीआधी नवं क्रेडिट कार्ड हवं असेल तर तयारी झांक्यांपासून

धनत्रयोदशीच्या आठवड्यात मोबाइलवर सूट दिसते, ती नेमकी आपल्याकडे नसलेल्या बँकेच्या कार्डावर असते, आणि त्याच रात्री अर्ज केला जातो. तेव्हा जुन्या कार्डावर कपडे, रंगकाम, फराळाचं सामान सगळं चढलेलं असतं. अर्ज फेटाळून घ्यायला याहून उत्तम मुहूर्त नाही. म्हणून उलटं मोजत या. इंदुरात अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, मिरवणुकीने निघतात, तिथून धनत्रयोदशीपर्यंत साधारण सहा आठवडे हातात असतात. त्यातले पहिले पंधरा दिवस पितृपक्षाचे, म्हणजे बऱ्याच घरांत मोठी खरेदी बंदच. आजीची कारणं वेगळी असतील, पण कार्ड रिकामं ठेवायला इतका सोयीचा पंधरवडा वर्षात दुसरा नाही. तयारी पितृपक्षात, अर्ज घटस्थापनेनंतर.

पॅन-आधार जोडणी आणि चालू मोबाइल नंबर. हे सांगायला नको.

आता बिलाची तारीख. पैसे भरायची शेवटची तारीख नव्हे, बिल बनायची तारीख. दोन्हींत बहुतेक कार्डांवर दोन-अडीच आठवड्यांचं अंतर असतं आणि सगळा घोटाळा त्या अंतरात होतो. समजा मर्यादा साठ हजार आहे, लग्नघरामुळे बिल बावन्न हजारांचं आलं आणि तुम्ही ते शेवटच्या तारखेच्या आत पै न पै चुकतं केलंत. व्याज नाही, दंड नाही, आपण अगदी सज्जन. पण नव्या बँकेने तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे उधारीचा लेखाजोखा, मागवला त्या दिवशी त्यात बावन्न हजारच दिसत होते, म्हणजे मर्यादेच्या सत्त्याऐंशी टक्के. समोरच्याला वाटतं, हा माणूस उधारीवर जगतोय. मागच्या वर्षी माझं घोडं इथेच अडलं. स्कोअर, म्हणजे त्या रिपोर्टातला पत दाखवणारा आकडा, चांगला, पगार चांगला, एकही हप्ता चुकलेला नाही, तरी अर्ज परत. त्यामुळे हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

बँक ब्यूरोला, म्हणजे हा रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेला, आकडे आपल्या वेळापत्रकाने पाठवते, तुमच्या सोयीने नाही. पूर्वी ही माहिती महिन्याने जायची, जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला तरी पाठवणं बंधनकारक झालं. तरीही आज भरले आणि आजच रात्री रिपोर्ट सुधारला असं होत नाही. म्हणून क्रम असा: बिल बनायच्या चार-पाच दिवस आधी पैसे भरून टाका, छोटं बिल बनू द्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग स्वतः रिपोर्ट काढून आकडा खाली आला का ते डोळ्यांनी बघा. त्यानंतरच अर्ज. ढोबळ हिशोब मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहण्याचा आहे, म्हणजे साठ हजारांवर अठरा हजार. त्याहून कमी असेल तर छानच. तुमचं बिल अगदी अडचणीच्या दिवशी बनत असेल तर बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेने दिलेला आहे. तो वापरा, पण आधीच, ऐन नवरात्रात नको.

रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चार ब्यूरोंकडून प्रत्येकी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचं बंधन आहे. बँक यातला कुठला बघेल ते आपल्या हातात नाही, म्हणून एकावर समाधान मानू नका. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडा. तीनशे ते नऊशेमधला तो एक आकडा बघून ॲप बंद करण्यात अर्थ नाही, आत जा. छत्तीस महिन्यांचा भरण्याचा इतिहास असतो, त्यात कुठे उशिराचे दिवस लागलेत का पाहा. जुन्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ लिहिलं असेल तर ते ‘फेडलं’ असं कोणी वाचत नाही. बँकेने थोडं पाणी सोडून प्रकरण मिटवलं असा त्याचा अर्थ होतो. भाच्याच्या मोटरसायकलला जामीन राहिला होता ना? तेही तिथे असतं. ‘आत्ता घ्या, नंतर भरा’वालं पाचशे रुपयांचं पे-लेटरसुद्धा बहुधा कर्ज म्हणूनच नोंदलेलं असतं. चूक सापडली तर ऑनलाइन तक्रार करा. ती तीस दिवसांत निस्तरली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. पण हे तीस दिवस सहा आठवड्यांतूनच जाणार, तेव्हा रिपोर्ट झांक्यांच्या आसपासच काढा. आणि हो, तोच रिपोर्ट बिल बनल्यानंतर पुन्हा बघायचा आहे. फुकटचा संपला असेल तर थोडे पैसे पडले तरी चालतील.

मॉलमधल्या टेबलापासून लांब राहा. “भैया, सिर्फ एलिजिबिलिटी चेक कर रहे हैं, कुछ नहीं होता.” होतं. पॅन आणि ओटीपी दिलात, फॉर्मवर संमती दिलीत की ती चौकशी बँकेच्या नावाने रिपोर्टात बसू शकते, आणि महिन्याभरात अशा तीन-चार दिसल्या की पुढची बँक बिचकते. एका वेळी एकच बँक. आधी आपल्या पगाराच्या खात्याचं ॲप उघडून तिथे आधीच मंजूर असलेलं काही आहे का बघा, तिथे नकार मिळण्याची शक्यता कमी असते. पुढच्या सहा महिन्यांत घराचं कर्ज काढायचं असेल तर कार्डाचा नाद सोडा, आधी घर.

नोकरी नुकतीच बदलली असेल तर तीन पगारपत्रकं हातात येऊ द्या. इंदुरातल्या सुपर कॉरिडॉरवरच्या नव्या कंपनीचं ऑफर लेटर म्हणजे पगार नव्हे. धंदा असेल तर आयकराचं रिटर्न भरा आणि तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नुसता भरून ठेवलेला चालत नाही. नावाकडे बघा: आपल्या घरांत एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं, लग्नानंतरचं आडनाव आधारवर बदललेलं आणि पॅनवर माहेरचंच. हे आधी सारखं करून घ्या, यालाही दिवस लागतात.

जुनं कार्ड ‘कशाला दोन-दोन’ म्हणून अर्जाआधी बंद करू नका. मर्यादा घटते, खर्च तोच राहतो, टक्केवारी वर जाते आणि बिलाच्या तारखेची सगळी कसरत वाया. विनाव्याज हप्त्यांवर फोन घेतला असेल तर ती रक्कमही मर्यादेतून अडकलेली असते, ती धरून हिशोब करा. ज्यांच्या नावावर कधी कर्जच नव्हतं, स्कोअरच्या जागी उणे एक येतं, त्यांनी या भानगडीत न पडता बँकेत एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घ्यावं.

मग अर्ज. त्याआधी शेवटचं एकदा: छोटं बिल बनलं? रिपोर्टात उतरलं? नाही? मग थांबा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं करू नका, दसऱ्यापर्यंत वेळ आहे.

उत्पन्न खरं लिहा. व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या ओळख-पडताळणीला, मूळ पॅन, कोरा कागद, पेन, उजेड. नकार आला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बँकेत धावू नका. कारण लेखी मागा, ते देणं बँकेला बंधनकारक आहे. ते दुरुस्त करा, निदान तीन महिने जाऊ द्या, काही बँका सहा महिनेही दारात उभं करत नाहीत. यंदाची सूट गेली तर गेली. कार्ड आलं तर तीस दिवसांत चालू करा. नाही केलं तर बँक ओटीपीने विचारते, आणि तुम्ही होकार दिला नाहीत तर खातं बंद करते.